पाणी पिणारी बाई

एप्रिलचं ऊन असं तापलं होतं की तामसखेड्याच्या बाजारात मेथीच्या जुड्या सकाळीच माना टाकत होत्या, आणि त्या उन्हात प्रमिलाबाई थंडीने कुडकुडत होती. आधी तिने पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. मग वांग्यांवर झाकायला आणलेलं ओलं पोतं बाजूला सारून कोरडं पोतं खांद्यावर घेतलं. तरी दात वाजायचे थांबेनात. शेजारी मिरच्या घेऊन बसणाऱ्या बेबाबाईने तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अक्का, तुन्हं आंग तवासारखं तपी राहिनं. घर चाल."

"माल त इकाई जाऊ दे," प्रमिलाबाई म्हणाली.

माल तसाच राहिला. एका गिऱ्हाइकाला वांगी तोलून द्यायला ती उठली, कुशीत कोणी सुरी फिरवल्यासारखी कळ आली आणि ती तराजूसकट आडवी झाली. लोक जमले. कोणी म्हणालं ऊन लागलं, कोणी म्हणालं कांदा हुंगवा. बेबाबाईने मळ्यात निरोप धाडला, प्रमिलाबाईचा नवरा शालिग्राम मोटारसायकलवरून धावत आला, आणि गावातल्या एका रिक्षात घोंगडीत गुंडाळून तिला धुळ्याला नेलं.

तामसखेडे पारोळ्याहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. रस्त्याला लागूनच रोजचा भाजीबाजार भरतो, मंगळवारी आठवडी बाजार. प्रमिलाबाई तिथे घरच्या मळ्यातली भरताची वांगी विकायची. हिरवी, पोटाकडे पांढरट, एकेक तळहातात न मावणारं. तिच्या वांग्यांत बी कमी निघतं, हे धुळ्यापर्यंत माहीत होतं. लग्नसराईत भरीत-पुरीच्या पंगतीचा बेत ठरला की स्वयंपाक करणारे आधी तिच्याकडे येत. ही जागा, हा धंदा तिने स्वतः उभा केला होता. शालिग्राम पिकवायचा, विकायचं ते ती.

पूर्वी बाजाराच्या मागे बाभळीचं काटवन होतं. बाया दोघी-दोघींनी तिकडे जाऊन यायच्या. मग काटवन तोडून दुकानांचे गाळे झाले. पुरुषांचं काही अडलं नाही, त्यांना कुठलीही भिंत चालते. बायांसाठी ग्रामपंचायतीने संडास बांधला. गुलाबी रंग, आत पांढरी फरशी, दारावर डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईचं चित्र. फीत कापली, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागलं. ते उघडायची वाट बघता बघता दोन उन्हाळे गेले.

मग बायांनी आपल्या परीने तोड काढली. पाणी प्यायचंच बंद केलं. प्रत्येकीजवळ पाण्याची बाटली असायची, पण ते पाणी भाजीवर शिंपडायला. अंधार असताना घरून निघायचं, दिवस कलल्यावर घरी पोचायचं, मधल्या वेळात ओठ चाटायचे. प्रमिलाबाईला जळजळ व्हायची, उठसूट लघवीला लागल्यासारखं वाटायचं, ओटीपोट ठणकायचं. औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात टाकायच्या. पुन्हा दुखलं की पुन्हा दोन.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि प्रमिलाबाईला भूक लागली. तेव्हा वॉर्डातली डॉक्टरीणबाई तिच्या खाटेशी येऊन स्टुलावर बसली. वयाने तरुण, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं, पण बोलायला निवांत.

"मावशी, लघवीत जंतू झाले होते, ते वर मूत्रपिंडापर्यंत चढले. अजून उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. साखर तपासली, ती नाही तुम्हाला. आता मला सांगा, दिवसातून किती वेळा जाता लघवीला?"

"दोनदा."

"सकाळी दोनदा?"

"सगळ्या दिवसात. पहाटे एकदा आणि घरी गेल्यावर एकदा."

डॉक्टरीणबाईने मान वर केली. "आणि पाणी?"

"पाणी घरी गेल्यावर."

"या उन्हात?"

"पाणी प्यायलं तर जावं लागतं. जायला जागा नाही."

 डॉक्टरीणबाईने शांतपणे एकेक गोष्ट समजावली. पाणी थोडं थोडं दिवसभर प्यायचं, लघवीचा रंग गडद पिवळा दिसता कामा नये. दोन-तीन तासांनी जाऊन यायचंच, रोखून धरायचं नाही, कारण तुंबून राहिलं की जंतू वाढतात. धुताना पुढून मागे धुवायचं. आणि गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा, बरं वाटलं तरी. अर्धवट सोडलं की जे जंतू उरतात ते चिवट होतात, मग साधी गोळी त्यांना भीक घालत नाही. पुन्हा थंडी वाजली, कुशीत दुखलं, लघवीतून रक्त गेलं तर गावात सुई टोचून घेत बसायचं नाही, सरळ इकडे यायचं.

"आणि जागेचं?" प्रमिलाबाईने विचारलं.

"जागेचं मी काय सांगू, मावशी," ती म्हणाली. "ते माझ्या हातात असतं तर आज या वॉर्डातल्या निम्म्या खाटा रिकाम्या झाल्या असत्या. पण एवढं नक्की सांगते, असंच चालू ठेवलंत तर पुढच्या खेपेला मूत्रपिंड वाचेलच असं नाही."

परतीच्या वाटेवर एसटीत शालिग्राम खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आते बाजार बंद. घर बस. तुले काय कमी शे घरमा?"

वाईट माणूस नव्हता तो. दवाखान्यात चार दिवस तिच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपला होता. त्याने आपल्या परीने मायेचंच सांगितलं होतं. पण प्रमिलाबाईच्या डोक्यात ते शब्द भलत्याच ठिकाणी जाऊन लागले. लघवीला जागा नाही म्हणून बाईने धंदा सोडायचा. उद्या श्वास घ्यायला जागा नाही म्हटलं तर काय सोडायचं?

"मी बाजारात बसणार," ती म्हणाली. "आणि पाणी पिणार."

गोळ्या संपेपर्यंत ती घरी थांबली. शेवटची गोळी घेतली त्याच्या दुसऱ्या सकाळी टोपल्यांबरोबर तिने पाण्याचा मोठा निळा जार भरून घेतला आणि एक तांब्या. जागेवर बसली, वांगी मांडली, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी तांब्या भरून गटागटा प्यायली. बेबाबाई बघतच राहिली.

"आते काय करशी व?"

"आते जाईन."

ऊन चढलं तशी ती उठली, तांब्या भरला आणि बाजाराच्या टोकाला पंचायतीच्या ऑफिसात गेली. पंचायतीचा शिपाई झुलाल दारात बसला होता. त्याच्याकडे तिने गुलाबी संडासाची चावी मागितली.

"चावी दादाकडे शे," तो म्हणाला.

दादा म्हणजे भूपेंद्र. गावाची सरपंच त्याची बायको, कोकिळा. पण कोकिळा पंचायतीत आलेली लोकांनी फीत कापायच्या दिवशी पाहिली होती, तेवढीच. खुर्चीवर भूपेंद्र बसायचा, सह्यांचे कागद घरी जायचे आणि सही होऊन परत यायचे. लोक त्यालाच सरपंच म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. आत तो दोघा-तिघांबरोबर चहा पीत बसला होता.

"अक्का, या. तब्येत कशी आहे आता?" त्याने विचारलं. तो गावात मराठी शुद्ध बोलायचा, विशेषतः खुर्चीवर असला की.

"बरी आहे. संडासाची चावी पाहिजे."

चहा पिणाऱ्यांपैकी एकाने खाली बघितलं. भूपेंद्रने कप ठेवला. "त्याचं असं आहे, पाण्याची टाकी बसायची आहे अजून. टाकी बसली की उघडू. आत्ता उघडलं तर घाण होईल, नळ चोरीला जातील. तुम्ही बायकाच मग तक्रार कराल."

"टाकी कधी बसेल?"

"प्रस्ताव पाठवलाय."

"मला आत्ता जायचंय," प्रमिलाबाई म्हणाली.

हे वाक्य त्या खोलीत आधी कोणी बाईमाणसाने उच्चारलेलं नसावं.  ऑफिसच्या मागच्या दाराशी, सगळ्यांना दिसेल असा, पंचायतीच्या माणसांसाठीचा संडास होता. प्रमिलाबाईने तिकडे बघितलं, पदर नीट केला आणि त्यांच्या मधून चालत मागच्या दाराने बाहेर गेली. कडी लागल्याचा आवाज आला. नंतर पाणी ओतल्याचा. हात धुऊन ती पुन्हा त्याच वाटेने आत आली, "येते," म्हणाली आणि बाजारात जाऊन बसली.   पोट हलकं झालं होतं, आणि कित्येक वर्षांत भर बाजारात तिला असं हलकं वाटलं नव्हतं.

दुपारी पुन्हा गेली. चार वाजता पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ती भांडली नाही, अर्ज केला नाही, हात जोडले नाहीत. पाणी प्यायची आणि वेळ झाली की उठायची. भूपेंद्रची मंडळी बसलेली असली तरी मधूनच जायची. पहिल्या दिवशी गप्प बसलेले लोक चौथ्या दिवशी हसायला लागले. कोणीतरी तिचं नाव 'टमरेलवाली अक्का' पाडलं. पोरं तिच्या मागून तांब्या वाजवल्याची नक्कल करायची.

ते नाव शालिग्रामच्या कानावर पडलं दाढी करताना, न्हाव्याच्या दुकानात. अर्धी दाढी तशीच ठेवून तो उठणार होता, पण उठला नाही, म्हणून त्याला जास्त राग आला. घरी येऊन तो अंगणात उभा राहिला.

"तुले लाज नही वाटस का? लोके हासतस."

"हासू द्या."

"बाईमाणसाने असं चारचौघांत तांब्या घेऊन फिरायचं? मला गावात तोंड दाखवायचंय."

प्रमिलाबाई भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"घोंगडीत गुंडाळून मला रिक्षात घातलं तेव्हा चारचौघंच होते ना? तेव्हा साडी ओली झाली होती माझी. सगळ्यांनी बघितली. त्याची लाज नाही वाटली मला, कारण शुद्ध नव्हती. आता शुद्ध आहे. शुद्धीत राहून मी स्वतः चालत जाते, ह्यात लाज कसली?"

 त्या दिवशी शालिग्राम जेवला नाही. पण सकाळी जार भरून मोटारसायकलला बांधला, तो त्यानेच.

आठवड्याने पंचायतीच्या मागच्या संडासालाही कुलूप लागलं. प्रमिलाबाई तांब्या घेऊन गेली तर झुलाल नजर चुकवत उभा होता. भूपेंद्र आतूनच म्हणाला, "दुरुस्ती काढलीय, अक्का. काही दिवस सहकार्य करा."

बाकीचे गालात हसत होते. प्रमिलाबाईला रडू आलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. तिला रडू आलं नाही. तिने विचार केला, संडास कुठे कुठे आहे या गावात, आणि कोणाचा आहे. मग ती "बरं" म्हणाली, वळली आणि बाजाराच्या भर मधल्या गल्लीने निघाली.

"कोठे चालनी व, अक्का?" बेबाबाईने विचारलं.

"सरपंचना घर."

बेबाबाईने मिरच्यांवर फडकं टाकलं. ती कधी कशात पडणारी नव्हती, आणि इतके दिवस तिने प्रमिलाबाईकडे बघून न बघितल्यासारखंच केलं होतं. आता ती उठली, क्षणभर घुटमळली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मी बी येस. मी रोज कपडा बांधी येस, माय. शिंक उनी तरी भिजी जास. कोनले सांगू?"

दोघी निघाल्या. सरपंचाचं घर नवं, दोन मजली, ओसरीला लोखंडी झोपाळा. दार कोकिळाने उघडलं. हाताला पीठ लागलं होतं. भूपेंद्रपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, बारावी शिकलेली, माहेर यावलकडचं. तिथे वडिलांच्या केळीच्या बागेतल्या मजूर बायांचा हिशोब लग्नाआधी तीच बघायची, पण हे तामसखेड्यात कोणाला ठाऊक नव्हतं.

"सरपंचबाई, आम्हाला तुमचा संडास वापरायचाय," प्रमिलाबाई म्हणाली.

कोकिळाला आधी वाटलं कोणाला बरं वाटत नाही. तिने घाईघाईने आत घेतलं, मागचा संडास दाखवला. दोघी जाऊन आल्या तोवर तिने पाण्याचे पेले भरून ठेवले होते. प्रमिलाबाईने पेला रिकामा केला.

"अक्का, पण बाजारात बांधलाय ना तुमच्यासाठी? मीच फीत कापली."

"तुम्ही कापली. मग दादांनी कुलूप लावलं."

कोकिळाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, अशी फसगत तिच्या जुन्या ओळखीची होती. "मला सांगितलं, चालू आहे म्हणून," ती म्हणाली. "मी तसं सही करून वर कळवलंय."

प्रमिलाबाईने मग तिला धुळ्याच्या दवाखान्याचं सगळं सांगितलं. थंडी, कळ, ओली साडी, डॉक्टरीणबाईने काय काय सांगितलं ते. बेबाबाईने कपड्याचं सांगितलं, खाली बघत. कोकिळा पिठाचे हात तसेच धरून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "लागेल तेव्हा या. कोणाला विचारू नका."

मंगळवारी आठवडी बाजार होता. आसपासच्या गावांतल्या बाया टोपल्या घेऊन आल्या. बाजारातल्या बायांपुढे प्रमिलाबाईने पहिल्यांदा तोंड उघडलं ते त्या दिवशी. टोपल्यांच्या रांगेतून ती फिरली आणि प्रत्येकीला सांगत गेली, पाणी प्या, सरपंचाच्या घरी सोय आहे. काहींनी तोंडावर पदर घेतला. एक म्हातारी चिडून म्हणाली की आम्ही जन्म काढला असाच, तुम्हाला नवे थेर सुचतात. पण ऊन माथ्यावर आलं तेव्हा भूपेंद्रच्या ओसरीपासून गल्लीच्या वळणापर्यंत बायांची रांग होती, प्रत्येकीच्या हातात तांब्या नाहीतर बाटली, आणि ओसरीवरच्या झोपाळ्यावर भूपेंद्रने पारोळ्याहून जेवायला बोलावलेले पाहुणे बसले होते.

भूपेंद्र बाहेर आला तेव्हा त्याचं शुद्ध मराठी कुठे तरी राहून गेलं होतं. "हाई काय धर्मशाळा शे का?" त्याने विचारलं. "चला, निघा आठून."

रांग हलली नाही. सगळ्यात पुढे प्रमिलाबाई होती.

"दादा, दार उघडं आहे म्हणून आलो," ती म्हणाली. "दुसरं उघडा, तिकडे जातो."

त्याने मागे वळून आत हाक मारली, "कोकिळा, दार लाव."

कोकिळा बाहेर आली. दार तिने लावलं नाही. पाहुणे बघत होते, शेजारपाजारचे बघत होते, आणि तिचा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की मागच्या बायांना ऐकू आला नाही.

"चावी द्या," ती नवऱ्याला म्हणाली.

"कसली चावी?"

"बाजारातल्या संडासाची. मी चालू आहे म्हणून सही केलीय, तो."

"घरात चल. घरात बोलू."

"घरात ह्या सगळ्या आहेत," कोकिळा म्हणाली.

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. पाहुण्यांमधलाही एक जण हसला, आणि भूपेंद्रचा चेहरा लालबुंद झाला. चावी झुलालकडे आहे, तो म्हणाला. झुलाल तिथेच गर्दीत उभा होता. तो पुटपुटला की चावी दादाकडेच असते. कोकिळाने पायात चप्पल घातली, ओसरी उतरली आणि बाजाराच्या दिशेने चालायला लागली. बाया तिच्या मागे. लग्न होऊन आल्यापासून ती या गल्लीतून एकटी पुढे चालत कधी गेली नव्हती. माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर उभी राहून बघत होती.

गुलाबी दारासमोर सगळ्या थांबल्या. कुलूप गंजलं होतं.

"झुलालभाऊ, सरपंच म्हणून सांगते, कुलूप तोडा," कोकिळा म्हणाली. या वेळी आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

झुलालने तिच्याकडे बघितलं, मग मागे बघितलं. भूपेंद्र आला नव्हता, पण तो आल्यासारखाच झुलाल घाबरला होता. प्रमिलाबाई आपल्या जागेवर गेली, तराजूचं सगळ्यात मोठं वजन उचलून आणलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने हात पुढे केला नाही.

"सरका, भाऊ," ती म्हणाली.

पहिला घाव निसटून दारावरच्या चित्रातल्या बाईच्या पदरावर बसला. दुसरा कुलपावर. तिसऱ्याला कडी वाकली, आणि बेबाबाईने लाथ घातली तसं दार उघडलं.

आत खताच्या गोण्या होत्या. छातीपर्यंत रचलेल्या, आणि त्यांच्यावर ठिबकच्या नळ्यांची काळी वेटोळी. गोण्या कोणाच्या हे विचारायची गरज नव्हती. त्याच खताच्या गोण्या भूपेंद्रच्या ट्रॉलीत सगळ्यांनी पाहिल्या होत्या. कोकिळा उंबऱ्याशी उभी राहून त्या गोण्या बघत होती, आणि प्रमिलाबाई कोकिळाला. मग कोकिळाने पदर खोचला आणि पहिल्या गोणीला हात घातला. एकेका गोणीला चार-चार बाया लागल्या. त्यांनी सगळा माल नेऊन पंचायतीच्या दारासमोर व्यवस्थित रचून ठेवला, एकही गोणी फाटू दिली नाही. मग फरशा धुतल्या. पाणी बाजारातल्या हापशावरून आणलं. अंधार पडायच्या आत संडासाची दोन्ही भांडी वापरात आली.

दोन दिवसांनी बाजारात पोलीस आला. ठाण्यात कोणी तरी सांगितलं होतं की सरकारी मालमत्तेची मोडतोड झाली. हवालदार पोक्त होता, उन्हाने घामाघूम. त्याने कागद काढला आणि विचारलं, "कुलूप कोणी तोडलं?"

 बेबाबाईने प्रमिलाबाईचा पदर ओढला.

"मी," प्रमिलाबाई म्हणाली.

"का?"

"लघवीला जायचं होतं."

हवालदाराचं पेन कागदावर टेकलेलं होतं, ते तिथेच राहिलं. त्याने एकदा गुलाबी दाराकडे बघितलं. तेवढ्यात एक बाई तांब्या घेऊन आत जात होती. "असं लिहू का?" त्याने विचारलं.

"जसं सांगितलं तसं लिहा. नाव प्रमिला शालिग्राम पाटील. धुळ्याच्या दवाखान्यात होते, तेही लिहा."

पंचायतीच्या ऑफिसातून कोकिळा आली. आता ती रोज सकाळी तिथे येऊन बसत होती. भूपेंद्रही बसायचा, दुसऱ्या खुर्चीवर, तिच्याशी न बोलता. घरातही तो बोलत नाही, असं ती प्रमिलाबाईला एकदा म्हणाली होती. पण ते सांगताना तिने डोळे पुसले नव्हते.

"कुलूप पंचायतीचं होतं," ती हवालदाराला म्हणाली. "पंचायतीची काही तक्रार नाही."

हवालदाराने कागद घडी करून खिशात घातला. जाताना त्याने वांगी घेतली, आणि प्रमिलाबाईने ती त्याला नेहमीच्या भावानेच दिली.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. टाकी आलीच नाही. दुकानदारांनी एक जुना ड्रम दिला, तो बाया पाळीपाळीने भरतात. काही जणी अजून पाणी पीत नाहीत, त्यांची सवय मोडत नाही. बाजाराच्या जागा नव्याने वाटल्या तेव्हा प्रमिलाबाईची वडाखालची सावलीची जागा गेली आणि तिला बसवलं थेट संडासाच्या भिंतीला लागून. शिक्षाच होती ती. तिने छत्री बांधली. गिऱ्हाइकं आधी नाक मुरडायची, मग वांग्यांसाठी येऊ लागली. पावसाळ्यात ती धुळ्याला जाऊन तपासून आली, लघवी स्वच्छ निघाली. डॉक्टरीणबाईने विचारलं, जागेचं काय केलं? प्रमिलाबाईने सांगायला सुरुवात केली, आणि मागच्या रांगेतली माणसं कंटाळेपर्यंत डॉक्टरीणबाईने ऐकून घेतलं.

आणि दाराची कडी कोणीतरी तोडतं. बायांना दार आतून लावता येऊ नये म्हणून. एकदा तोडली, प्रमिलाबाईने नवी बसवून घेतली. महिन्याने पुन्हा तोडली, पुन्हा बसवली. गेल्या मंगळवारी तिसऱ्यांदा तुटलेली दिसली. सुताराला बोलवायला वेळ नव्हता, आठवडी बाजार भरला होता. तिने पारोळ्याहून जाड लोखंडी कडी आणि स्क्रू मागवून ठेवलेच होते. पेचकस घेऊन ती दाराशी उकिडवी बसली. दार झुलत होतं, स्क्रू धड बसेना. मागे दोन बाया खोळंबून उभ्या होत्या, एकीच्या कडेवर लेकरू.

"अक्का, बराच वेळ लागेल का?"

"होतंय."

एवढ्यात भूपेंद्रची मोटारसायकल गल्लीतून आली. गर्दीमुळे त्याला थांबावं लागलं, बरोबर दारासमोर. प्रमिलाबाईने तोंडातले स्क्रू काढून हातात घेतले.

"दादा, जरा दार धरता का?" ती म्हणाली. "हलतंय फार."

सगळा बाजार बघत होता. भूपेंद्रने गाडीचा आवाज वाढवला, समोर बघितलं, मग खाली बघितलं. गर्दी काही हलेना. तो गाडीवरून उतरला नाही, पण अखेर पाय टेकून, हात लांब करून त्याने दाराची कड धरली. प्रमिलाबाईने पहिला स्क्रू पिळला. दुसरा पिळला. तिने मुळीच घाई केली नाही.